भामाबेटाची उघाडी

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. हे वाचून तुमच्यातले निम्मे हसले असतील. शहरातली मुले माझे नाव ऐकून नेहमीच हसतात. पण उघाडी म्हणजे उघडी नव्हे. खाडीकाठच्या शेतात समुद्राचे पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात आणि त्या बांधाच्या पोटात एक दगडी मोरी ठेवतात. त्या मोरीच्या तोंडावर जी लाकडी झडप लटकते, ती उघाडी. ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी मला ढकलून बाहेर जाते. भरती आली की खाडीचे खारे पाणी मला दाबून बंद करते. माझ्या नावातल्या त्या एका कान्याने पुढे काय घडवले ते ऐकलेत, तर पुन्हा हसणार नाही.

माझा जन्म पेणकडच्या एका सुताराच्या हातून झाला. लाकूड सागाचे, बिजागऱ्या जाड लोखंडाच्या. पनवेलच्या खाडीवरच्या एका छोट्या गावात मला बसवले, तेव्हा काशीराम नुकताच लग्न झालेला तरुण होता. बांधाची राखण त्याच्या घराकडे होती. त्याची बायको भामा उन्हाळ्यात मला करंजाचे तेल चोपडायची आणि चोपडताना माझ्याशी गप्पा मारायची. सासू ऐकत नाही, नवरा ऐकत नाही, तू तरी ऐक, असे म्हणायची. मी ऐकत असे. मला दुसरे काही येतही नव्हते.

नारळी पौर्णिमेला गावाचा पहिला नारळ खाडीला आणि दुसरा मला. केवढा मान होता माझा! माझ्या आड शंभर घरांचे भात उभे असायचे. एकदा का खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे ती जमीन उठत नाही. म्हणून काशीराम तिथी बघून भरतीची वेळ काढायचा आणि ती वेळ झाली की भरल्या ताटावरून उठायचा. माझ्या फटीत काटकी अडकली आहे का, चिखल साचला आहे का, हे तो हाताने चाचपून बघायचा. भामा चिडायची. तो चप्पल न घालताच निघायचा आणि वळून म्हणायचा, "उघाडी बघून येतू."

मग एका वर्षी विमानतळासाठी डोंगर फोडून आणलेली माती डंपरमधून येऊ लागली. खाडी भरली, शेते भरली, शेवटी बांधही मातीखाली जाऊ लागला. गाव उठले आणि त्याला करंजाड्याला इमारतींत जागा मिळाली. भामा हे सगळे बघायला राहिली नाही. आदल्याच वर्षी ती गेली. सामान हलवताना लोकांनी कपाटे नेली, देव नेले, दारे-खिडक्या नेल्या. काशीरामने पहारीने मला उचकटून टेम्पोत घातले. लोक त्याला हसले. तिसऱ्या मजल्यावर भरती येते का रे, असे कोणीतरी विचारलेसुद्धा.

गॅलरीत मला भिंतीला टेकवून उभे केले. समोर इमारतीच होत्या. मला पाण्याचा वास यायचा तो फक्त कपडे वाळत घातले की. मला फार वाईट वाटायचे, पण माझ्याहून वाईट काशीरामचे झाले. त्याला विसर पडू लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावे, मग वार. रोज संध्याकाळी तो सदरा चढवून दाराशी उभा राहायचा आणि विचारायचा, "घरा कवा जावाचा?"

त्याचा मुलगा गुरुदत्त द्रोणागिरीच्या गोदामांमध्ये ट्रेलर चालवतो. तो दमून घरी आला की बापाची समजूत काढायचा. हेच आपले घर, बाबा, असे सांगायचा. काशीरामला ते पटत नसे. सून चंद्रावती दाराला वरची कडी लावू लागली. एकदा तो खरोखरच निघून गेला आणि करंजाड्याच्या चौकात सापडला. डॉक्टरांनी बजावले, यांना एकटे बाहेर पडू देऊ नका, पुढच्या वेळी सापडतीलच असे नाही. घरात सगळ्यांना तेव्हापासून एकच धास्ती होती.

त्या धास्तीवर उपाय शोधला गुरुदत्तच्या मुलीने, पूर्वीने. ती सहावीत होती. एका संध्याकाळी आजोबा सदरा घालून उभे राहिले, तेव्हा तिने त्यांचा हात धरून त्यांना गॅलरीत आणले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, आपण पोचलो. हे बघा भामाबेट."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी देश झाले. माझ्या अंगावरची लाकडाची गाठ म्हणजे बेटाच्या मधला डोंगर. वरच्या बिजागरीचा गंज खाली ओघळला होता, ती तांबडी नदी. माझ्या उजव्या अंगाला चीर गेली होती, ती खाडी. कालवांचे शिंपले चिकटून राहिल्याचे पांढरे डाग म्हणजे गावे आणि किडीने पाडलेली बारीक भोके म्हणजे विहिरी. पूर्वीने रंगाने किनारा काढला, शेते हिरवी केली, बाहेर सगळा निळा समुद्र भरला. आजोबा बोट फिरवत सांगायचे, इथे माती पोकळ, इथे कोळंबी मिळेल, इथे बांध घाला. पूर्वी तसे काढायची. डोंगराच्या बाजूला तिने मिठागर काढले, तर आजोबांनी ते पुसायला लावले. डोंगरावर कधी मीठ पिकते का, म्हणाले.

त्या देशाच्या रीती मला अजून पाठ आहेत. भामाबेटात भेटल्यावर 'कसे आहात' विचारत नाहीत. 'पाणी कुठवर आलं?' असे विचारायचे आणि समोरच्याने म्हणायचे, 'बांधापर्यंत.' म्हणजे सगळे ठीक आहे. तिथे राजा नाही. सगळ्यात मोठा माणूस उघाडीवाला. लग्नात हळदीच्या वेळी धवल्यांची गाणी गातात ती आपल्यासारखीच, पण तिथे पहिला धवला समुद्रासाठी, कारण तोही वऱ्हाडी. तिथे कोणाचे गाव हलवायचे असेल तर आधी त्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावे लागते, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला.

आणि तिथे एक कर होता. भामाबेटातल्या माणसाने मधूनमधून आपल्याला माहीत असलेले एक नाव खाडीला द्यायचे. एक नाव मात्र राखून ठेवायची मुभा होती. आजोबा चुलतभावाचे नाव विसरले तेव्हा पूर्वी म्हणाली, कर भरला. ते गुरुदत्तला ओळखेनासे झाले तेव्हा गुरुदत्त बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला, पण पूर्वी आजोबांना शांतपणे म्हणाली, कर भरला. एके दिवशी त्यांनी तिलाच विचारले की तू कोण. ती जरा वेळ माझ्या तांबड्या नदीवर बोट फिरवत राहिली. मग तिने तेही खाडीला देऊन टाकले. भामाचे नाव त्यांनी शेवटपर्यंत दिले नाही.

सदरा घालून दाराशी उभे राहणे थांबले. संध्याकाळ झाली की आजोबा गॅलरीत येऊन खुर्ची टाकत, माझ्या फटीतून हात फिरवत आणि सगळे नीट आहे असे बघून परत जात. कित्येक महिने घरात कोणी कडीकडे पाहिलेही नाही. चंद्रावती सुनेसारखी नव्हे, लेकीसारखी हसू लागली. मीही सुखात होते. तिसऱ्या मजल्यावर कोरड्या भिंतीला टेकून मी पुन्हा एका माणसाला बांधून ठेवले होते.

मग शाळेत प्रदर्शन भरायचे ठरले. 'माझा काल्पनिक देश' हा विषय होता. बाकीची मुले थर्माकोलची बेटे करणार होती. पूर्वीकडे तर खराखुरा देश तयार होता. तिने आईला विचारले, वडिलांना विचारले, बाईंना विचारले. आजोबांना विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. त्यांना काय कळणार, असे सगळ्यांनाच वाटले. दुपारी जेवून ते झोपले होते, तेव्हा गुरुदत्तने मला अलगद उचलून खाली नेले आणि टेम्पोत घातले.

शाळेत मला टेबलावर उभे केले. पूर्वी छडीने नदी दाखवत होती, डोंगर दाखवत होती, कराबद्दल सांगत होती. पाहुण्या बाईंनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या. पूर्वीला पहिले बक्षीस मिळाले. नारळी पौर्णिमेनंतर इतका मान मला कधी मिळाला नव्हता. गळ्यात हार पडला असता तरी मी नाही म्हटले नसते.

त्याच वेळी घरी काय झाले, ते मला पुढे गॅलरीत उभे राहून तुकड्या-तुकड्याने ऐकावे लागले. आजोबा उठले, गॅलरीत आले. मी तिथे नव्हते. भिंतीवर माझ्या आकाराचा पांढरा डाग तेवढा होता. उघाडी बांधावरून गेली आणि भरती जवळ आली, एवढेच त्यांना कळले. बाकीचे सगळे ते विसरले होते, पण हे विसरले नव्हते. चंद्रावती आत फोनवर बोलत होती. कडी लावायची सवय सुटलेली होती.

खाली फाटकावर शिवा नावाचा वॉचमन होता. लातूरकडचा, नवीनच लागलेला, गरीब स्वभावाचा. आजोबा फाटकाशी येऊन हातवारे करत म्हणाले, "उघाडी... उघाडी!" खाडीकाठचा कोणीही माणूस असता तर त्याने त्यांना खुर्चीवर बसवून विचारले असते, कुठली उघाडी, काय झाले. शिवाला वाटले, आजोबा फाटक उघड म्हणताहेत. त्याने ते पूर्ण उघडले, वर नमस्कारही केला.

संध्याकाळ होताहोता गुरुदत्तला बाप सापडला. भरावाच्या कडेला, जिथे आता रस्ता आहे, तिथे खाडीकडे तोंड असलेला सिमेंटचा एक पाइप आहे. आमचा बांध साधारण तिथेच होता. भरती चढत होती. आजोबा त्या पाइपच्या तोंडात पाठ लावून, दोन्ही हात कडांना रोवून बसले होते. पाणी छातीपर्यंत आले होते. माझ्या जागी ते स्वतः बसले होते.

गुरुदत्त पाण्यात उतरला आणि त्यांना ओढू लागला, तर ते त्यालाच रागावले. "मना काढू नुको. शेतान पानी शिरंल."

तो त्यांना कसाबसा घेऊन आला. छाती भरली, ताप चढला, दवाखाना झाला, आणि मग डॉक्टरांनीच घरी न्या म्हटले. मला पुन्हा गॅलरीत आणून ठेवले होते. त्यांची खाट माझ्याकडे तोंड करून लावली. पूर्वी शेजारी बसून असायची. शेवटच्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून विचारले, "बाय, तू कोनाची?"

"भामाबेटाची," पूर्वी म्हणाली.

त्यांचा चेहरा निवळला. "मंग उघाडीकडं ध्यान ठेव. मी येतू."

ते गेले. त्यानंतर त्या घरात प्रत्येकाने दोष स्वतःकडे घेतला. चंद्रावती म्हणे, मी कडी लावली नाही. गुरुदत्त म्हणे, मी उचलून नेली. शिवा नोकरी सोडून गेला. पूर्वी कोणाशी काहीच बोलली नाही. तेराव्यानंतर एका दुपारी घरात कोणी नसताना ती बादली आणि भांड्यांची घासणी घेऊन माझ्यासमोर बसली. तिने समुद्र घासला, शेते घासली, किनारा घासला. घासताना ती रडत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मी विचारलंच नाही त्यांना."

मला तिला खूप काही सांगायचे होते. लाकडाला बोलता येत नाही, याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

माझ्याकडे बघवत नाही म्हणून घरच्यांनी मला देऊन टाकले. आता मी पळस्प्याच्या नाक्याजवळ एका हॉटेलात भिंतीवर टांगलेली आहे. गोव्याला जाणारे लोक इथे मिसळ खायला थांबतात. माझ्याखाली पाटी लावली आहे, 'जुना दरवाजा'. माझ्यावर पॉलिश मारले आहे. लोक पाठ करून उभे राहतात आणि माझ्याबरोबर फोटो काढतात. मी कशाच्या आड उभी होते हे कोणी विचारत नाही.

मित्रांनो, माझ्या तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची वस्तू हलवायची असेल तर त्याला विचारा. त्याला कळणार नाही असे वाटले तरी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी करंजाड्याला राहत असेल, तर पूर्वी नावाच्या मुलीला गाठा. तिला सांगा की भामाबेट पुसले गेलेले नाही. रंग गेला, पण डोंगर, तांबडी नदी, खाडी आणि विहिरी माझ्याच होत्या, त्या अजून आहेत. तिला हेही सांगा की आजोबा हरवले नव्हते. कित्येक वर्षांनी ते कामावर गेले होते.

हे सांगूनही ती बोलली नाही, तर तिला एवढेच विचारा, 'पाणी कुठवर आलं?' आणि ती उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.