तारणारी चिंधी

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा तो शेळीची धार काढत होता. फोन खिशात वाजत होता आणि दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून पहिल्यांदा त्याने वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा हात सदऱ्याला पुसून घेतला. मुलगी "बाबा" म्हणाली, आणि रडायला लागली.

"बरं," तो म्हणाला.

फोन खिशात ठेवून त्याने उरलेली धार काढली. अर्धवट सोडली तर कास दुखते, आणि त्यात शेळीचा काय दोष? दूध गाळलं, भांडं ओट्यावर झाकून ठेवलं. जनावरांचं बघायला म्हणून तो आदल्या संध्याकाळीच दवाखान्यातून घरी आला होता. निघताना बायको म्हणाली होती, "अहो, लाल चिंधी बांधलेले माझे कांदे तेवढे सांभाळा. बी काळं झालं की उतरवा." त्याने मान डोलावली होती. तेवढंच शेवटचं बोलणं झालं.

तिला पोचवून सगळे परत आले. घर माणसांनी भरलेलं होतं. अशात फाटकाशी दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली. पाठीवर पिशव्या. एक पन्नाशीतली ठेंगणी बाई आणि एक उंच, चष्मेवाला, पोक काढून चालणारा माणूस.

"काकू आहेत का?" बाईने विचारलं. "आमचं फोनवर बोलणं झालं होतं."

मुलगी पुढे झाली आणि त्यांना बाजूला घेऊन बोलली. बाईने पिशवी पायरीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि सरळ मोरीत जाऊन चहाच्या कपांचा ढीग घासायला बसली.

हे बायकोचे हातभार होते. दर वसंतात मळ्यातली कामं अंगावर आली की ती अशी माणसं बोलवायची. शहरातली, कंटाळलेली, मातीत हात घालायची हौस असलेली. आठवडा-पंधरवडा राहायचं, दिवसभर काम करायचं, बदल्यात जेवण आणि मागच्या खोलीत झोपायला जागा. कोणी त्यांना स्वयंसेवक म्हणे. तिला तो शब्द जड वाटायचा. ती म्हणायची, "यंदा दोन हातभार येणार आहेत."

"हातभार की डोक्याला भार?" तो दरवर्षी विचारायचा.

"तुमच्याएवढा नाही," ती दरवर्षी सांगायची.

बाई दवाखान्यात नर्स होती, आता घरीच होती. माणूस इंजिनियर होता आणि नोकरी सोडून बसला होता. त्यांची नावं बायकोने फोनवर विचारली असतील. त्याने विचारली नाहीत. तो त्यांना नर्सबाई आणि इंजिनियरसाहेब म्हणत राहिला. ती दोघं परत जायला निघाली होती, पण मुलीनेच थांबवून घेतलं. "बाबा एकटे पडतील," ती म्हणाली. मग काही दिवसांनी तिलाही आपल्या घरी जावंच लागलं. जाताना तिने आईच्या कपड्यांचं काय करायचं म्हणून विचारलं. "राहू दे," तो म्हणाला. आईची खाट? "राहू दे." ओट्यावरची औषधं? "राहू दे म्हटलं ना."

कामं मात्र राहू द्यायला तयार नव्हती. वसंत कोणासाठी खोळंबत नाही. वेलांना काठ्या लावायच्या होत्या, रोपं लावणीला आली होती, एक शेळी व्यायली होती. रोज सकाळी उठून पाय खाटेवरून खाली सोडायचे, यातच त्याचं अर्धं बळ जायचं. उरलेल्या अर्ध्यात दिवस ढकलायचा.

तिचे कांदे स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या वाफ्यात होते. हा कांदा तिने आईकडून आणला होता. चपटा, जांभळट लाल, गोड. बाजारात कुठे मिळत नव्हता. कांद्याचं बी फार टिकत नाही. वर्ष उलटलं की रुसतं. म्हणून दरवर्षी चांगले कांदे निवडून ती पुन्हा लावायची, त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊ द्यायची, डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलायचा आणि त्या गोंड्यात बी धरायचं. गेल्या साली ठेवलेलं सगळं बी पेरून संपलं होतं. म्हणजे आता जे काही होतं ते त्या वाफ्यात उभं होतं.

या कांद्यांना ती लाल चिंधी बांधायची, चुकून कोणी उपटू नये म्हणून. आणि त्याची पद्धत अशी, की झाडाची वाळकी फांदी कापायची असली की तिला आधी लाल चिंधी बांधून ठेवायची. दोघांच्या चिंध्या एकाच फाटक्या पलंगपोसाच्या. त्याने कितीदा म्हटलं, तू दुसरा रंग घे. "मीच का?" ती म्हणायची. "तुमची चिंधी मारणारी, माझी तारणारी. लक्षात ठेवायला सोपं आहे की." कोणीच रंग बदलला नाही.

एका सकाळी इंजिनियरने चहा पिता पिता विचारलं, "काका, आज काय काढायचं?"

रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कप हातात धरून तो खिडकीकडे बघत होता. "लाल चिंधी बांधलेलं दिसेल तेवढं काढून टाका," तो म्हणाला, आणि चारा आणायला निघून गेला.

हेच तो दरवर्षी सांगायचा. आणि दरवर्षी ती चुलीपासून मान वळवून पुढचं सांगायची, "झाडांवरचं हं! माझ्या वाफ्याला हात लावाल तर जेवण बंद." इतकी वर्षं हे एक वाक्य दोघं मिळून बोलत होते. हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चाऱ्याचे भारे घेऊन तो परत आला तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकातूनच त्याला दोरीवर वाळत घातलेल्या लाल चिंध्या दिसल्या. स्वच्छ धुतलेल्या, ओळीने. झाडांवरच्या चिंध्या यांनी कशाला धुतल्या, असं त्याच्या मनात आलं. त्याने डाळिंबाकडे पाहिलं. वाळकी फांदी जागेवर होती आणि तिच्यावरची चिंधीही.

"झाडांचं राहिलंय, ते जेवून करतो," इंजिनियर उत्साहाने म्हणाला. "आधी म्हटलं जवळचं उरकावं. वाफा पण दाताळ्याने सपाट करून ठेवलाय. बघा तरी!"

त्याने बघितलं. खिडकीखालची माती काळी आणि मोकळी होती.

तो तिथेच बांधावर बसला.

"कुठे आहेत?"

"काय?"

"कांदे."

"ढकलगाडीत," नर्सबाई नळावरून म्हणाली. "निबर झालेत हो, खायच्या कामाचे नाहीत. शेळीला घालावे म्हटलं."

"घातले?"

"थोडे."

"ते बियाण्याचे होते," तो म्हणाला. "तिचे."

नर्सबाईने ओला हात तोंडावर ठेवला. इंजिनियर म्हणाला, "पण काका, तुम्हीच म्हणालात ना, चिंधी बांधलेलं..."

"मीच म्हणालो."

"तुम्ही गप्प बसा हो," नर्सबाई इंजिनियरवर खेकसली. ती गाडीपाशी गेली, एक कांदा उचलून उलटा करून पाहिला, बोटाने मुळं चाचपली. "मुळं ओली आहेत. उठा काका. पेशंट अजून गेलेला नाही..." आणि एकदम तिने जीभ चावली.

"राहू द्या," तो म्हणाला.

"राहू द्या कसं?"

"बाई, मला उठवत नाही."

हे खरंच होतं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाने माणूस उठतो तरी. त्याला फक्त तिथेच मातीवर आडवं व्हावंसं वाटत होतं. नर्सबाईने जास्त बोलणं वाढवलं नाही. तिने गाडी वाफ्याशी ओढत आणली आणि इंजिनियरच्या हातात कुदळ दिली. इंजिनियर घाम गाळत खणायला लागला. अपराधी माणूस खणतो तसा, थांबायचं नावच नाही.

तो बघत राहिला. मग त्याला बघवेना.

"अहो साहेब," तो म्हणाला, "कांदा लावायचाय. विजेचा खांब नाही पुरायचा."

नर्सबाईला हसू फुटलं आणि तिने तोंड फिरवलं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. खड्डे बुजवले, बोटभर खोल चर काढले. शेळीने खाल्लेले गेलेच. काहींचे डेंगळे मोडले होते. उरलेले त्याने एकेक करून लावले, बाजूला काठी रोवली, काठीला बांधले. बांधायला दोरीवरच्या चिंध्याच घेतल्या, अजून ओल्या होत्या. त्या दिवशी जेवण झालं तेव्हा दिवस कलला होता. सावलीला गोणपाट इंजिनियरने आपल्या डोक्याने टांगलं, आणि चांगलं टांगलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"जेवलात?"

"जेवलो."

"आईचे कांदे कसे आहेत?"

त्याने खिडकीतून पाहिलं. बरेचसे माना टाकून काठ्यांना लटकले होते.

"आहेत," तो म्हणाला.

"फुलले?"

"काही."

"एक मूठभर बी मला ठेवा हं बाबा. मी इथे कुंडीत लावीन."

"बरं," तो म्हणाला.

इंजिनियरचे दिवस संपले तेव्हा जायच्या आधी तो करवत घेऊन डाळिंबाखाली उभा राहिला. "काका, एवढं तरी करून जातो. आता चिंधीचा अर्थ पाठ झालाय."

"त्याला हात लावू नका," तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मी बघतो नंतर."

नर्सबाई अजून आहे. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणते. ती सकाळी वाफ्याला पाणी घालते आणि आत येऊन, वॉर्डातली खबर द्यावी तशी, कोण बरं आहे आणि कोण नाही ते सांगते. बरेच वाळून गेले. काही उभे आहेत, त्यांच्या गोंड्यांवर मधमाश्या येतात. बी धरलंय की नाही ते अजून सांगता येत नाही. मुलीला त्याने अजून काही सांगितलेलं नाही. डाळिंबाची वाळकी फांदी चिंधीसकट तशीच आहे. ती कापायची राहिली आहे.