फाटकातली टाचणी

हवेलीचे मालक सर ऑब्री यांच्या बागेतला दगडी पूल पाहायला लांबलांबची माणसं येत, तळ्यात पडलेलं त्याच्या तीन कमानींचं प्रतिबिंब बघून माना डोलावत. हेस्टरला मात्र तो पूल दिसला की तिचं डोकं फिरायचं. का नाही फिरणार? तिच्या खापरपणजोबांच्या वेळी गाव तिथेच होतं, चर्चच्या पायथ्याशी. हवेलीच्या खिडकीतून गावाची धुराडी डोळ्यांना खुपतात, म्हणून तेव्हाच्या मालकांनी अख्खं गाव उठवून टेकडीमागे नेऊन टाकलं, ओढा अडवून तळं केलं आणि पाडलेल्या घरांच्या दगडांतून हा पूल बांधला. चर्च तेवढं राहू दिलं, कारण देखाव्यात मनोरा शोभत होता! तेव्हापासून गावकरी चर्चला जायचे ते गिरणीजवळच्या चिखलातून वळसा घालून. पुलावरून सरांची हरणं जायची.

हेस्टरची आई वारली. जाण्याआधी तिने एकच मागितलं होतं. "मला पुलावरून ने गं. आपल्या घराचा उंबरा त्यात बसवलाय, आजी सांगायची."

हेस्टर कारभारी गॅस्कॉइनकडे गेली.

"अहो बाई, भलतंच काय मागता?" तो म्हणाला. "प्रेत एकदा गेलं की ती वाट कायमची गावाची होते. शेंबडं पोरही सांगेल तुम्हाला."

असा कायदा कुठेच नव्हता. पण त्या मुलखात हवेलीपासून गोठ्यापर्यंत सगळ्यांचा त्यावर बायबलइतका विश्वास.

"हरणं रोज जातात. त्यांची नाही होत वाट?"

"हरणं सरांची आहेत."

"आणि दगड कोणाचे हो?"

संध्याकाळी निरोप आला. सरांनी मोठ्या मनाने परवानगी दिली होती, पण जुन्या अटीवर. पलीकडच्या फाटकात हेस्टरने स्वतःच्या हाताने टाचणी टोचायची. टोचली म्हणजे वाट मालकाची, आपण त्यांच्या उपकारावर गेलो, हे सगळ्यांदेखत कबूल.

"टोचून टाक गं," खांदा द्यायला आलेला शेजारचा सायलस म्हणाला. "गरजवंताला अक्कल नसते."

"घर पाडलं त्यांनी, दगड ढापले त्यांनी, आणि आभार मी मानू? वा रे वा!"

दुसऱ्या दिवशी पेटी पुलावर आली. पेटीवर आईची जुनी शाल घातली होती, ती तिच्याबरोबरच मातीत जायची होती. पुलाच्या मधोमध एक दगड पावलांनी झिजून खोलगट झाला होता. हेस्टरने सगळ्यांना थांबवलं आणि पेटी क्षणभर त्यावर टेकवली.

फाटकापाशी गॅस्कॉइन तळहातावर टाचणी घेऊन उभा होता. "हं, टोचा."

हेस्टरने टाचणी घेतली. वाऱ्याने शालीची टोकं उडत होती. तिने ती एकत्र धरली आणि टाचणी लावून टाकली.

"बाई! फाटकात!"

"हवी असेल तर या, काढून घ्या."

पेटीला हात लावायची कोणाची छाती? ती समोरून जाईपर्यंत गॅस्कॉइनला टोपी काढून उभं राहावं लागलं. टाचणी आईबरोबर पुरली गेली.

प्रेत गेलेली वाट अडवायला मग हवेलीच धजेना. फाटक उघडंच राहिलं. रविवारी सगळं गाव पुलावरून चर्चला निघालं. हेस्टर त्या खोलगट दगडाशी थांबली आणि घरात शिरताना पुसावेत तसे तिने त्यावर बूट पुसले.