आधी पत्र, मग ठसा

सरकारी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, बोटांच्या ठशांच्या विभागात एक पद्धत होती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळे पाळत. ठशांचं पाकीट आलं की आधी पोलिसांचं पत्र वाचायचं आणि मग भिंग हातात घ्यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आणि खरं सांगा, तुम्हाआम्हाला तरी काय वाटलं असतं?

विभागप्रमुखांना सगळे 'शंभर टक्के साहेब' म्हणत. कोर्टात वकिलाने विचारलं, "ठसा आरोपीचाच, याची खात्री किती?" की साहेब चष्मा काढून म्हणत, "शंभर टक्के." की झालं. पुढे कुणी तोंड उघडत नसे. साहेब लाच खाणारे नव्हते, कामचुकार नव्हते. सत्तावीस वर्षांत त्यांच्या अहवालात साधी खाडाखोडही सापडली नसती. स्वतःवरच्या विश्वासाने मात्र त्यांचं डोकं पार व्यापलं होतं.

मग दुसऱ्या शहरातून बदली होऊन एक ठसेतज्ज्ञ बाई विभागात आल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या, पण हट्टाला पेटल्या की मागे न हटणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाकिटांतली पत्रं काढून कपाटात ठेवली आणि साहेबांच्या टेबलावर नुसते ठसे पाठवले.

साहेबांचा पारा चढला. "पत्रं कुठे आहेत?"

"तुमचं मत लिहून झालं की देते," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, पत्र वाचल्याने ठशाच्या रेषा बदलतात का?"

"रेषा आहेत तशाच राहतात. पण आपण त्यात हवं ते शोधायला लागतो. पेपर तपासणाऱ्याला आधीच सांगितलं, की हा मुलगा पहिला आलाय, तर तो चुकांवर रेघ मारताना बिचकणारच ना? तुमचा ठसा तर अर्धामुर्धा, पुसट असतो."

"मला शिकवू नका. मी या टेबलावर केस पांढरे केलेत."

दोन आठवड्यांनी, जानेवारीतल्या एका सकाळी, त्यांनी ठशांचे दोन कागद साहेबांपुढे ठेवले. नाव नाही, तारीख नाही, पत्र नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत भिंग उचललं. चाळीस मिनिटांनी ते म्हणाले, "ही दोन वेगळी माणसं आहेत. हे बघा, इथे रेषेला फाटा उजवीकडे फुटलाय, तिथे डावीकडे. असे तीन ठिकाणी फरक आहेत. यात बघण्यासारखं काय होतं?"

"लिहून देता?"

साहेबांनी लिहून दिलं, सही केली. मग बाईंनी एक जुनी फाईल उघडली. ठसे तेच होते. अहवाल सहा वर्षांपूर्वीचा होता आणि खाली सही साहेबांचीच होती. 'ठसा आरोपीच्या उजव्या तर्जनीचा आहे. काचेवर बोट सरकल्यामुळे किरकोळ फरक दिसतात.' सोबत पोलिसांचं पत्रही होतं: 'आरोपीने गुन्हा कबूल केला आहे. ठसा जुळत असल्याची खात्री करून अहवाल पाठवावा.'

साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

प्रकरण एका एकट्या म्हातारीच्या खुनाचं होतं. तिच्या कपाटाच्या काचेवर ठसा सापडला होता. त्या दिवशी इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला पोलिसांनी उचललं. कोर्टात त्याने कबुली नाकारली, पण साहेबांच्या दोन शब्दांपुढे त्याचं काय चालणार? जन्मठेप झाली. खरा खुनी मोकळाच राहिला, कारण आता त्याला शोधायची कुणाला गरजच उरली नव्हती. आणि आपण काय केलं? पेपरात बातमी वाचली, 'बरं झालं, सापडला' म्हणालो आणि पान उलटलं. सहा वर्षांनी मिस्त्रीचा तुरुंगातून ठसे पुन्हा तपासण्यासाठी अर्ज आला होता, तो बाईंच्या टेबलावर पडला होता.

नवा अहवाल जायला विभागप्रमुखांची सही लागत होती. साहेब आधी संचालकांकडे गेले. संचालकांनी दार लावून घेतलं.

"मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेची वरून तपासणी आहे. आत्ता हे बाहेर आलं तर तुमची प्रत्येक साक्ष उकरून काढतील. तुमची अब्रू जाईल आणि आमचीही. तपासणी होऊ द्या, मग पाठवा. सहा वर्षं गेली, चार महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

साहेबांनी अहवाल खणात ठेवला. लाज वाटते सांगायला, पण ठेवला.

बाई दर सोमवारी येऊन विचारत, "सही झाली?" एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी तुमची नजर चुकली, साहेब. तसं कुणाचंही होतं, मीही चुकले असेन. पण आता तुम्हाला सगळं माहीत आहे. आताच्या एकेका दिवसाला काय नाव देणार आहात?"

साहेबांनी पुढची फाईल उघडली. तपासणी पार पडली, प्रयोगशाळेला उत्तम शेरा मिळाला, पेढे नसले तरी टाळ्या भरपूर झाल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सही केली. पुढे कोर्टाच्या तारखा पडत गेल्या आणि वर्षभराने मिस्त्री निर्दोष सुटला.

साहेब त्याला भेटायला गेले. एका खोलीचं घर. लिफ्ट कंपनीने त्याला परत घेतलं नव्हतं. तो खाली बसून कुणाचा तरी पंखा उघडत होता. साहेबांनी आपण कोण ते सांगितलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"काहीच नाही. मी तुम्हाला ओळखतही नव्हतो."

"मग?"

साहेबांनी खरं ते सांगितलं. "पत्रात लिहिलं होतं, तुम्ही कबूल केलंय. ते मी आधी वाचलं. मग ठशात मला तेच दिसलं."

"तीन दिवस झोपू दिलं नाही, म्हणून कबूल केलं होतं." तो स्क्रू फिरवत राहिला. "माझी आई दर महिन्याला तुरुंगात यायची. मी तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगायचो, आई, मी त्या घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. ती म्हणायची, 'बाळा, आता तरी खरं बोल. तो साहेब एवढा शिकलेला, भिंगातून बघून सांगतो. त्याला खोटं बोलून काय मिळायचंय?' गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली ती. मुलगा खुनी आहे, हे मनात धरूनच गेली."

मार्चमध्ये. साहेबांनी कोणताही हिशेब मांडला नाही, मांडायची गरजच नव्हती. तेव्हा अहवाल त्यांच्या खणात होता. एक सही, एक टपाल, आणि त्या माउलीला शेवटचे काही दिवस तरी आपल्या लेकाकडे वर मान करून बघता आलं असतं.

"चुकलो मी," साहेब म्हणाले. "दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा तर समजून उमजून." आणि त्यांनी त्या चार महिन्यांचं सगळं सांगून टाकलं.

मिस्त्रीने पंखा बाजूला ठेवला. "मला सांगून काय उपयोग, साहेब?" तो म्हणाला. "माझा माझ्यावर विश्वास होताच. तिचा नव्हता."

त्यानंतर साहेबांनी स्वतः अर्ज करून आपले सगळे जुने अहवाल पुन्हा तपासायला दिले. अब्रू जायची ती गेली. आज त्या विभागात पत्र कपाटात राहतं, ठसा आधी बघितला जातो आणि दुसरा तज्ज्ञ पहिल्याचं मत न विचारता तो वेगळा तपासतो. 'मत देता येत नाही' असं लिहायला आता कुणी लाजत नाही.

वाचकहो, ठशांचं शास्त्र मोठं कामाचं आहे. त्याने कितीतरी गुन्हेगार पकडले, कितीतरी निरपराध सोडवले. मिस्त्रीलाही शेवटी त्यानेच सोडवलं. पण भिंगाला डोळा लावणारा आपल्यासारखाच माणूस असतो. त्याच्यावर दडपण येतं, त्याचे ग्रह होतात, त्यालाही अब्रूची भीती वाटते. म्हणून 'ठसा जुळला' असं ऐकलंत की विचारा: कसा जुळला, कुणी पडताळला, आणि बघणाऱ्याला आधी काय सांगितलं होतं? हे विचारणं म्हणजे शास्त्रावर अविश्वास नव्हे. तो प्रश्न सहा वर्षांत पोलिसांनी विचारला नाही, वकिलांनी विचारला नाही, आपणही विचारला नाही. म्हणून एक आई पोटच्या पोरावर अविश्वास ठेवून मेली.