आरशात बघून बोला

माणसाला बोलतं करायचं असेल तर त्याच्या समोर बसू नये, पाठीमागे उभं राहावं. चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करून एवढी अक्कल मला आली. ती बाई मात्र नेमकं उलटं शिकून आली होती.

बाई म्हणजे समाजकल्याणवाली. माझ्या लेकीनं अर्ज दिला होता. बाप एकटा राहतो, दोनदा पातेलं जाळलं, त्याला वृद्धाश्रमात हलवा. लेकीला दोष देत नाही हो मी. रोज संध्याकाळी तिचा फोन, "बाबा, गॅस बंद केला का?" आणि मागून जावईबापू, मला ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात, "तिथं चार माणसांत राहतील तरी." आता ही बाई चार वेळा येणार आणि फॉर्म भरणार. 'एकटे राहू शकत नाहीत' एवढं तिनं लिहिलं की माझं गाठोडं बांधलंच म्हणून समजा.

आणि निघायचं कुठून, तर पुढे दुकान, मागे स्वयंपाकाची खोली, कडेला न्हाणी, एवढ्यातूनच. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं. कंटाळा आला असं सगळ्यांना सांगितलं. पण खुर्ची आणि आरसा जागच्या जागी आहेत. रोज सकाळी पुसतो. गिऱ्हाईक नाही म्हणून आरशानं काय धूळ खायची?

पहिल्या दिवशी बाई आली. पोरसवदाच होती. खांद्याला पिशवी एवढी मोठी की आत दुसरी बाई बसली असती. स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल अशी समोर बसली, पुढे वाकली आणि एकटक बघायलाच लागली. मला वाटलं, नाकावर माशी बसली की काय.

"एकटं राहताना कसं वाटतं, आजोबा?"

"बरं वाटतं."

"म्हणजे तुम्हाला बरं वाटतं."

"तेच बोललो ना मी."

"हो, तुम्ही तेच बोललात." मान हलवली. "आणखी सांगा."

काय डोंबल सांगणार? पोपटाला विचारल्यासारखं माझंच मला परत. न्हाव्याकडे समोरून कोण बघतं? चाळीस वर्षांत जो माझ्याशी बोलला तो आरशातल्या माझ्याशी बोलला. समोरून डोळे रोखतो तो पोलीस, नाहीतर सासरा. मी आपला हो, नाही, बरं. तीन खेपा असंच चाललं. चौथीपर्यंतच शिकलोय, पण उघड्या वहीतलं वाचता येतं. 'लाभार्थी बोलत नाहीत. उदास. विस्मरण असावं.'

लाभार्थी! लाभ कसला, ते विचारायचं राहूनच गेलं.

चौथी खेप म्हणजे शेवटची. त्या दिवशी बाईची एक बट सारखी डोळ्यांवर यायची. ती फुंकर मारायची, प्रश्न विचारायची, परत फुंकर. मला राहवेना.

"ताई, आधी त्या बटेचं काहीतरी करा. बसा खुर्चीत."

"नको हो आजोबा, आपला वेळ..."

"कात्री लावत नाही. नुसता कंगवा फिरवतो. बसा म्हणतो ना!"

बसली. मी पाठीमागे उभा राहिलो. आरशात आमची नजरानजर झाली, आणि खरं सांगतो, खोलीतली हवाच बदलली. ती स्टुलावरची तपासनीस गेली, एक दमलेली पोर राहिली. मी कंगवा उचलला. तिनं आरशातच बघितलं. पाठ केलेलं एक वाक्यही तिच्या तोंडातून आलं नाही.

"आजोबा, हात कापतोय तुमचा."

"कापतो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. दुकान काय उगाच बंद केलं?"

ती आरशात वाट बघत राहिली. मग माझंच तोंड सुटलं. पातेलं मी विसरलो नव्हतो. गॅस बारीक करायला गेलो की हात उडतो आणि तो मोठा होतो. दुसऱ्यांदा तापलेलं पातेलं उचलायची हिंमत झाली नाही, अंगावर सांडलं तर? जळू दिलं. न्हाणीत एकदा पडलोही.

"मग 'विसरलो' असं लेकीला का सांगितलं?"

"म्हातारा विसरला तर लोक हसतात आणि सोडून देतात. न्हाव्याचा हात कापतो म्हटलं तर उरलं काय माझं?"

"तुम्हाला काय हवंय, आजोबा?"

तीन खेपांत हा एक प्रश्न राहिला होता बघा.

"मी इथं. खुर्ची इथं. बाकी तुम्ही सांगाल ते."

"लेकीला तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगतो. तुम्ही शेजारी बसा. समोर नको."

लेक फोनवर आधी रडली, मग तिनं मला अर्धा तास झापझाप झापलं. जावईबापू पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "मग डॉक्टरकडे चला ना!" डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गॅस गेला, आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आली. न्हाणीत धरायला दांडा बसला. बाईनं फॉर्मवर लिहिलं, 'मदतीसह स्वतःच्या घरी राहू शकतात.' गाठोडं सुटलं.

आता ती महिन्यातून एकदा माझी चौकशी करायला येते. स्टुलाकडे बघत नाही, थेट खुर्चीत. मी कंगवा घेतो आणि ती सुरू होते. तिचे साहेब, तिची आई, आणखी एक जण. तासभर. मी नुसतं "हं" करतो. जाताना अहवाल लिहिते, तोही मी वाचतो. 'लाभार्थी आता मोकळेपणाने बोलतात.'

त्या खुर्चीत ती काय बोलते, ते मात्र विचारू नका. केसानं गळा कापायचा धंदा मी कधी केला नाही.