कॉकवरचा लाल टॅग

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शेखर पगारांनी चौतीस वर्षं कोळसा जाळला आणि निवृत्त झाल्यावर त्याचं प्रायश्चित्त जेलरोडच्या घरातल्या बाथरूममध्ये मांडलं. शॉवर काढला. आंघोळीचं पाणी कढीपत्त्याला वळवलं. इथवर उज्वलाताईंची तक्रार नव्हती. मग पॅसेजमधल्या, बाथरूमचं पाणी सोडणाऱ्या कॉकला लाल टॅग लागला: 'उघडू नये. सही, शे. ना. पगार, शिफ्ट इंचार्ज.' घरात माणसं दोन, आणि आंघोळीला पगारांच्या सहीचं परमिट. माणशी अर्धी बादली. केस धुण्याचा अर्ज उज्वलाताईंनी तीनदा केला आणि तीनदा तो 'कारण अपुरे' असा शेरा घेऊन परत आला.

शेवटी टॉवेल काखोटीला मारून त्या वरच्या माजिदाभाभींकडे नहायला जाऊ लागल्या, आणि जिना चढताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. त्यांना आपल्या घरात एक भरली बादली हवी होती, बस.

रविवारी अकराला कॉलनीच्या मंडळाचे लोक 'पर्यावरणस्नेही घर' म्हणून पगारांना बक्षीस द्यायला येणार होते. पावणेअकराला पगारांच्या डोक्याला कलप होता, अंगाला साबण होता आणि अर्धी बादली संपली होती.

"अगं, कॉक उघड."

"टॅग आहे त्याला."

"मग काढ."

"ज्यानं लावला त्यानंच काढायचा. चौतीस वर्षं ऐकतेय मी."

"डोळ्यात जातंय गं."

उज्वलाताईंना दया आली, पण नियम म्हणजे नियम. "लावणाराच अडकला, तर काय करायचे तुम्ही तिकडे?"

"त्याचा वरिष्ठ काढतो."

"इथे तुमचा वरिष्ठ कोण?"

आत कलप ठिबकताना ऐकू येत होता. खाली गाड्या थांबल्या.

"तू," पगार म्हणाले.

"लेखी द्या."

परमिटाचं पुस्तक पेनासकट साबणाच्या खणातच असे. दाराखालून काळे डाग पडलेला कागद आला: 'वरिष्ठ: सौ. उज्वला पगार. अधिकार: सर्व.' उज्वलाताईंनी सही केली, टॅग काढला आणि कॉक पूर्ण उघडला.

बक्षीस मिळालं. पाहुणे गेल्यावर उज्वलाताईंनी शिकेकाई घेतली, परमिटाचं पुस्तक आणि पेन बाहेर ठेवलं, आतून कडी लावली आणि सोलरचं गरम पाणी सोडलं. एक बादली झाली, दुसरी भरू लागली. पगार दाराशी घुटमळले.

"कितवी गं?"

"वरिष्ठांना असं विचारायचे का हो तुम्ही?"

बाहेर पुस्तकातलं पान फाडल्याचा आवाज आला. मग दाराखालून एक परमिट आणि पेन आत सरकलं. 'उद्याच्या आंघोळीस अर्धी बादली मंजूर व्हावी, ही विनंती.' उज्वलाताईंनी ओल्या हातानं 'अर्धी' खोडलं आणि वर 'भरली' लिहिलं.