उभ्या गाडीतली दुपार

मंडळी, आपल्यातल्या पुष्कळांना एक सवय असते. जे आपल्याला जाणवत नाही, ते नाहीच असं आपण धरून चालतो. या गोष्टीतल्या मॅडमना तीच सवय होती, आणि त्या काही वाईट बाई नव्हत्या.

मॅडम एका मोठ्या ऑफिसच्या व्यवस्थापक. त्यांची गाडी चालवायचे काका, वय अठ्ठावन्न, बोलणं मोजकं. महिन्याभरात काकांनी तीनदा सांगून पाहिलं, "मॅडम, एसी गरम हवा टाकतोय." तिन्ही वेळा मॅडमनी मागच्या सीटवरून हात पुढे केला, तर हवा गारेगार. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणून त्या पुन्हा फोनमध्ये बुडाल्या.

मग एका दुपारी मीटिंग लवकर आटोपली. मॅडम खाली आल्या तर इंजिन बंद, चारही काचा खाली आणि काका घामाघूम होऊन झोपलेले. मॅडमचा पारा चढला.

"एसीचं निमित्त करून झोपा काढताय होय? एक तारखेपासून येऊ नका."

काकांनी काचा वर केल्या आणि गाडी काढली. या वयात आपल्याला दुसरीकडे कोण ठेवणार, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. पण मॅडम मागे बसल्या होत्या, त्यांना फक्त मान दिसत होती.

आपलंच खरं, हे एकदा पक्कं करायला दुसऱ्या दिवशी मॅडमनी काकांना घेऊन गाडी गॅरेजमध्ये नेली. ते गॅरेज एक साठीच्या बाई चालवायच्या. सगळे त्यांना आत्या म्हणत. मॅडम म्हणाल्या, "एसी ठणठणीत आहे, तेवढं यांना सांगा."

आत्यांनी मॅडमकडे पाहिलंच नाही. काकांना विचारलं, "गरम कधी होतो?"

"उभी असताना."

"हं. मॅडम, तुम्ही पुढे बसा, काकांच्या जागी. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. मी तोवर चहा पिऊन येते."

मॅडम बसल्या. आधी छान गार वाटलं. बाहेरची ठोकाठोक हळूहळू दूर गेली. मग हवा ओलसर झाली, मग कोमट, मग थेट गरम. बोनेटवर ऊन थरथरत होतं. वेळ काढायला त्यांनी दाराच्या कप्प्यात हात घातला. आत घडीवर फाटलेला पेपर, कोमट पाण्याची बाटली आणि घामाने कडक झालेला रुमाल. मॅडमचे डोळे जड झाले.

अर्धवट झोपेत त्यांना समोरच्या काचेतून ऑफिसचं फाटक दिसू लागलं. दुपारमागून दुपार सरत होती, फाटक उघडत होतं, बंद होत होतं, आणि बाहेर कुणीच येत नव्हतं. फाटकावर पाटी होती. ‘चालकांनी आपापल्या गाडीतच थांबावे. आत प्रवेश नाही.’ खाली सही होती. मॅडमनी डोळे बारीक करून ती वाचली. सही त्यांचीच होती.

दार उघडल्याच्या आवाजाने त्या दचकून जाग्या झाल्या. तापमानाचा काटा लाल रेघेजवळ गेला होता. आत्यांनी हात घालून आधी एसी बंद केला, मग इंजिन.

"पुढे रेडिएटरचा पंखा आहे," आत्या म्हणाल्या, "एसी लावला की तो फिरायला हवा. तो फिरतच नाही. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा त्याचं काम करतो. थांबली की वारा गेला. मग एसी गरम, आणि इंजिनही तापतं. खरं तर हे इंजिन एव्हाना बसायला हवं होतं. का बसलं नाही?"

काका जरा चाचरले. "काटा चढायला लागला की मी बंद करतो. काचा खाली घेतो."

आत्यांनी फ्यूज पाहिला, तो ठीक होता. मग त्यांनी पंख्याला वीज सोडणारा, काडेपेटीपेक्षा छोटा एक काळा रिले उपटला आणि हॉर्नचा तसलाच तिथे बसवला. इंजिन आणि एसी चालू करताच पंखा भणभणू लागला.

"पंखा धडधाकट आहे, रिले गेलाय. बघा मॅडम, तुम्ही बसता तेव्हा गाडी पळत असते. हे बसतात तेव्हा ती उभी असते. गाडी एकच, पण तुम्ही दोघं कधी एका गाडीत बसलाच नाहीत."

मॅडमना आपली लाज वाटली. "काका, माझं चुकलं. एक तारखेचं विसरून जा."

काकांनी नुसती मान हलवली, पण त्यांचे खांदे सैल झाले.

"आणि ती फाटकावरची पाटी... रोज वाचायचात?"

"पेपर अकरालाच संपायचा, मॅडम. मग तीच उरायची."

मॅडमनी त्याच संध्याकाळी पाटी काढली. तळमजल्यावर मोडकी कपाटं ठेवलेली एक खोली होती. ती रिकामी करून घेतली, तिथे खुर्च्या टाकल्या, पंखा लावला आणि दारावर लिहून घेतलं, ‘चालकांसाठी’.

मंडळी, आपल्या तोंडावर वारा असतो तोवर पंखा बंद आहे हे आपल्याला कळत नाही. जो आपल्यासाठी थांबलेला असतो, त्यालाच ते कळतं. त्याला विचारा, आणि तो सांगेल ते खरं माना.

एक तारखेला दुपारी मॅडम त्या खोलीपाशी आल्या. काका खुर्चीत झोपले होते. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं वाट बघत बसल्या.