कट्ट्यावरचा मासा

धरणाच्या तळाशी घराच्या दाराएवढ्या तोंडाचा मिशाळ मासा राहतो, याबद्दल तिथल्या पाणबुड्यांमध्ये दुमत नव्हतं. तो ज्याला दिसला तो तळापर्यंत पोचला, असं धरलं जाई. दोरी किती सुटली याला मुकादम किंमत देत नसे. दोरी काय, म्हणे, कुणीही बसल्या जागी ओढून घेईल.

एका जुन्या पाणबुड्याच्या भाच्याला महिनाभर उमेदवारीवर घेतलं होतं, आणि त्याला मासा काही दिसत नव्हता.

"आज?" त्याच्या डोक्यावरचा टोप काढता काढता मुकादम विचारी.

"तळाची जाळी साफ केली. वर्षानुवर्षांचा गाळ होता."

"मासा?"

"नव्हता."

"म्हणजे तू खाली गेला नाहीस."

जाळीतून पाणी दुप्पट जोराने वाहू लागलं, तेव्हा मुकादम म्हणाला, माशाने कूस बदलली असेल.

आता शेवटची बुडी उरली. मासा दिसला नाही तर सोमवारपासून मेव्हण्याच्या रंगाच्या दुकानात डबे मांडायचे, हे घरात ठरून गेलं होतं. त्या सकाळी मामा स्वतः होडीवर आला. वशिला त्याचाच. मामा निवृत्त पाणबुड्या. त्याच्या हातातला पाना माशाने गिळला, ही कथा भाच्याला पाळण्यात असल्यापासून पाठ होती.

"अरे, दिसला म्हण की," मामा पुटपुटला. "जीभ झिजते का तुझी?"

"मामा, खोटं बोलताना मला घाम फुटतो."

"पाण्यातून वर आलेल्याचा घाम कुणाला दिसतोय?"

भाचा उतरला. तळ गाठला, चाचपला, बॅटरी फिरवली. दगड, गाळ, एक चप्पल. परतताना शिडीच्या निम्म्यावर, भिंतीतून पुढे आलेल्या दगडी कट्ट्यावर, तो पहिल्यांदाच टेकला. भिंतीवर सगळीकडे बोटभर शेवाळ. कट्टा मात्र बसून बसून गुळगुळीत झालेला. तिघं आरामात मावतील एवढा. मागच्या फटीत एक गंजका पाना खोचलेला होता. मुठीवर मामाच्या नावाचं पहिलं अक्षर. माशाने गिळलेला तो हाच.

भाचा तिथे जरा वेळ बसून राहिला. बसायला जागा खरंच बरी होती.

वर आल्यावर टोप निघाला.

"मासा?" मुकादमाने विचारलं. तोही एकेकाळचा पाणबुड्याच.

"दिसला."

होडीतले सगळे सावरून बसले.

"तळाशी ना?"

"नाही. निम्म्यावर, कट्ट्यावर बसलेला असतो. तळाशी तो जात नाही." भाच्याने पाना फळीवर ठेवला. "हा तिथेच होता."

एकाला दोरी गुंडाळायची आठवण झाली. मुकादमाने पाना उलटसुलट करून पाहिला, मामाच्या हातात दिला आणि पाण्याकडे बघत राहिला.

"सोमवारी वेळेवर ये," तो शेवटी म्हणाला. "आणि ते कट्ट्याचं गावभर करू नकोस."

मामाने पाना बाहीने पुसला.

"म्हातारा झाला असेल आता तो," मामा म्हणाला. "कशाला उतरेल एवढं खाली."